कोकणचे खासदार एकाच माळेत ओवू नयेत

संपादक महोदय,

निवडणूक जवळ आली की ‘रत्नागिरी-सिंधुदुर्गचे आजवरचे खासदार’ असा तक्ता बहुतेक वर्तमानपत्रांत येतो. बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते, सुरेश प्रभू, नीलेश राणे, विनायक राऊत, नारायण राणे अशी सरळ माळ. लालबाग-परळपासून डोंबिवली-विरारपर्यंतचे चाकरमानी हा तक्ता आवडीने वाचतात, म्हणून त्यातली चूक दाखवणे गरजेचे वाटते. यातले पहिले तिघे या मतदारसंघातून कधीच निवडून आलेले नाहीत. ते निवडून आले राजापूर मतदारसंघातून. सुरेश प्रभू 2009 मध्ये नव्या मतदारसंघातून उभे राहिले, पण नीलेश राणे यांच्याकडून हरले.

नकाशा दोनदा बदलला आहे. 1952 मध्ये रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे मतदारसंघ होते. उत्तरेतून आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले निवडून आले होते. 1957 पासून रत्नागिरी आणि राजापूर ही जोडी आली आणि ती 2004 पर्यंत टिकली. राजापूरला 1957, 1962, 1967 नाथ पै, मग 1971 ते 1989 सलग पाच वेळा दंडवते, 1991 ला काँग्रेसचे सुधीर सावंत आणि 1996 पासून चार वेळा प्रभू. शेजारच्या रत्नागिरीचा इतिहास याहून पुष्कळ वेगळा आहे आणि तक्त्यांतून तो सरसकट गळतो. तिथे 1957 ला जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले, 1962 आणि 1967 ला काँग्रेसच्या शारदा मुखर्जी, तर 1996 पासून चार वेळा अनंत गीते. ‘कोकण आधी समाजवादी, मग शिवसेनेचे’ हे नेहमीचे वाक्य राजापूरपुरते बरेचसे खरे आहे. रत्नागिरीला ते लागू पडत नाही.

पक्षाचा रकानाही जपून भरावा लागतो. दंडवते 1971 ला प्रजा समाजवादी पक्षाचे, 1977 ते 1984 जनता पक्षाचे आणि 1989 ला जनता दलाचे उमेदवार होते. पाचही विजयांपुढे ‘जनता दल’ छापणे चूक आहे. सिंधुदुर्ग जिल्हाच मुळी 1 मे 1981 रोजी झाला, त्यामुळे 1977 च्या निकालात ‘सिंधुदुर्गातील मताधिक्य’ शोधण्यात अर्थ नाही.

2001 च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची फेररचना 2009 च्या निवडणुकीपासून लागू झाली. दापोली आणि गुहागर रायगड मतदारसंघात गेले. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या सहा विधानसभा क्षेत्रांचा आजचा मतदारसंघ झाला. राज्याच्या जागा 48 च राहिल्या, पण डहाणू आणि ठाणे या दोन मतदारसंघांच्या जागी पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे असे चार झाले. गाव सोडून माणसे जिथे राहायला गेली, तिकडेच खासदारकीही सरकली. फेररचनेची ही बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच छापून येत नाही.

2024 मध्ये नारायण राणे 47,858 मतांनी जिंकले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही क्षेत्रांत राऊत पुढे होते, सिंधुदुर्गातल्या तिन्हींत राणे. यावरून ‘जुने दोन मतदारसंघ अजून वेगळेच मतदान करतात’ असा निष्कर्ष कोणी काढेल, पण तो टिकत नाही. राजापूर तालुका जुन्या राजापूर मतदारसंघातला, तरी तो या वेळी रत्नागिरीच्या बाजूने गेला. मतांची फाळणी जिल्ह्याच्या हद्दीवर झाली आहे, जुन्या मतदारसंघाच्या हद्दीवर नव्हे.

दोन निवडणुकांची तुलना करायची तर नमुना 20, म्हणजे मतदान केंद्रनिहाय निकालपत्रक, घ्यावे. त्यातही तीन ठिकाणी फसगत होते. टपाली मते वेगळी मोजली जातात, म्हणून सहा क्षेत्रांच्या यंत्रांवरील मतांची बेरीज अंतिम आकड्याशी जुळत नाही. केंद्रांचे क्रमांक बदलतात, तेव्हा क्रमांकावर न जाता गाव आणि शाळेचे नाव पाहून जुळवावे. आणि लोकसभेला 2014 पासून ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) हा पर्याय आहे, तेव्हा टक्केवारी काढताना ती मते धरली की वगळली, हे तक्त्याखाली लिहावे.

मतदानाच्या टक्केवारीबाबतही एक खबरदारी हवी. मुंबईत स्थायिक झालेल्यांची नावे गावच्या यादीत राहिली की गावचा टक्का उगाच कमी दिसतो. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नाव एकाच मतदारसंघात ठेवता येते, आणि गावी घर आहे एवढ्याने कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरावा लागतो.

आपल्या तक्त्यात 1957 च्या आधी आणि 2009 च्या आधी एकेक जाड रेघ मारावी आणि प्रत्येक नावापुढे त्या वेळच्या मतदारसंघाचे नाव द्यावे, ही विनंती. पुढची फेररचना 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर होणार आहे. त्याआधी 2009 पासूनच्या चारही निवडणुकांचे नमुना 20 गावनिहाय लावून ठेवले, तर नव्या नकाशात कोणते गाव कुठे गेले ते त्याच दिवशी सांगता येईल.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई