गुढीपाडव्याला परतणाऱ्या मुलांच्या गणितासाठी आवाहन

सर्व ग्रामस्थ, माजी विद्यार्थी, तसेच कामानिमित्त पुणे, चाकण, मुंबई, संभाजीनगरला राहणारे आपले गावकरी यांना शाळा व्यवस्थापन समितीचा सप्रेम नमस्कार.

दसरा उरकला की धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या इतर गावांसारख्या आपल्या गावातूनही ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. बाकीची आई-वडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत राहायला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. तिकडे शिक्षण चालू राहावं म्हणून शाळेने दिलेलं शिक्षण हमी पत्रक त्यांच्याजवळ असतं, तिकडच्या शाळेत नावही लागतं. पण धाकट्या भावंडाला सांभाळायला कोपीवर कुणीतरी लागतंच, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा तिसरी-चौथीतली मुलगी असते.

मराठीचा सुटलेला धडा वाचता येणारं मूल नंतर स्वतः वाचू शकतं. गणिताचं तसं होत नाही. दशक सोडवून करायची वजाबाकी शिकवली गेली तेव्हा मूल उसाच्या फडात असेल, तर पुढे भागाकार अडतो, कारण भागाकारात पायरीपायरीला वजाबाकीच करावी लागते. भागाकार येत नाही म्हणून अपूर्णांक येत नाहीत, अपूर्णांक येत नाहीत म्हणून शेकडेवारी येत नाही. सातवी-आठवीत ‘गणित जमत नाही’ म्हणून शाळेत यायचं टाळणारी मुलगी खरं तर तिसरीतच थांबलेली असते. त्यानंतर काय होतं ते आपल्या गावात कुणाला सांगायला नको. हातात कोयता येतो, नाहीतर लग्न ठरतं.

एक उदाहरण देतो. ४३ वजा २७. आपल्या शाळेतली कितीतरी मुलं उत्तर २४ लिहितात. सातातून तीन गेले चार, चारातून दोन गेले दोन. मुलाने विचार केलेला असतो, पण ४३ म्हणजे चार दशक आणि तीन सुटे हे त्याच्या हाताने कधी अनुभवलेलं नसतं. त्याच मुलापुढे काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवा आणि ‘यातल्या सत्तावीस मला दे’ म्हणा. सात सुट्या मिळत नाहीत म्हणून ते आपणहून एक गठ्ठा सोडतं, तेरामधून सात देतं, उरलेल्या तीन गठ्ठ्यांतले दोन देतं आणि सोळा काड्या मोजून दाखवतं. त्यानंतर फळ्यावरचं गणित मांडायला त्याला वेळ लागत नाही. फक्त हे प्रत्येक मुलाच्या हातून, पुन्हा पुन्हा, कुणीतरी शेजारी बसून करून घ्यावं लागतं. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे म्हटल्यावर ते कसं व्हावं?

हे दुखणं एकट्या आपल्या गावाचं नाही. मुलांना काय वाचता येतं, काय गणित येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम ३१ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आलं. आणि मुलं मंद आहेत असंही नाही. नोबेलविजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी बिनचूक करत होती आणि तसंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर आलं की अडखळत होती. आपल्या आठवडी बाजारात भाजीच्या पालावर बसलेलं पोर बघा, हेच दिसेल.

गणिताची खरी गरज तर आपल्याच घरांना आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. आपल्या टोळीला टनामागे किती रुपये जास्त मिळायला हवेत, आगाऊ घेतलेल्या उचलीतून किती फिटले, खाड्याचे म्हणजे बुडालेल्या दिवसांचे किती कापले, हे हिशेबाच्या वहीवर बोट ठेवून तपासणारं माणूस किती घरांत आहे? वहीतला आकडा बरोबर असेलही, पण तो बरोबर आहे हे घरातल्या लेकीला सांगता यावं, एवढी आमची इच्छा आहे.

म्हणून समितीने ठरवलं आहे की शाळेची बंद पडलेली मागची खोली दुरुस्त करून तिथे गणिताची खोली करायची. ती रोज संध्याकाळी उघडी राहील आणि पाडव्यापासून जूनमध्ये शाळा भरेपर्यंत सकाळीही. मुलांचे गट इयत्तेवर नाही, त्यांना काय येतं त्यावर पडतील. पाचवीचं मूल दोन अंकी वजाबाकीला अडलं असेल तर ते तिथूनच सुरू करेल आणि त्याबद्दल कुणी त्याला हिणवणार नाही. टोळीबरोबर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला निघण्याआधी एक पिशवी मिळेल. तीत शंभर मण्यांची माळ, दशकाचे गठ्ठे, खेळातल्या नोटा, पाटी आणि पाच महिन्यांच्या सरावाचे कागद असतील.

सगळ्यात मोठी गरज माणसांची आहे. गावातल्या बारावी झालेल्या, बाहेरून पदवी करणाऱ्या दोन मुलींनी रोज दोन तास शिकवायची तयारी दाखवली आहे. त्यांना फुकट राबवायचं नाही, असं समितीचं एकमत आहे. त्यांचं वर्षभराचं मानधन हाच या वर्गणीतला मोठा भाग असेल. पैसे कमी पडले तर रंगरंगोटी राहील, मानधन थांबणार नाही.

साहित्यात तराजू आणि वजनं, लिटरचं माप, मोजपट्ट्या, अपूर्णांकाच्या चकत्या आणि नोटांचे संच विकत घ्यावे लागतील. मणीमाळा बचत गटाच्या बायका ओवून देणार आहेत. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, एवढं लक्षात ठेवायचं. पत्रे बदलायला गवंडी आणि सुतार मंडळींचं श्रमदान हवं आहे. चाकणला असलेल्या पोरांनी रविवारी पंधरा मिनिटं गावातल्या एका मुलाला फोन करून चार तोंडी हिशेब घातले तरी आम्हाला ती देणगीच वाटेल.

काही दात्यांनी मोठा टीव्ही देऊ केला, त्यांचे मनापासून आभार. या वेळी मात्र आम्ही तो घेणार नाही. पडद्याकडे बघून गठ्ठा सोडायला शिकता येत नाही. नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या हुशार मुलांसाठी गाव नेहमीच पुढे येतं, ते चालूच राहू द्या. ही वर्गणी मागच्या बाकावरच्या मुलांसाठी आहे.

रक्कम कितीही चालेल. ती समितीचे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त बँक खात्यात जमा होईल, प्रत्येकाला पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला शाळेच्या फलकावर लागेल. खात्याचा तपशील शाळेत येऊन किंवा समितीच्या कुठल्याही सदस्याकडून घ्यावा. अनोळखी क्रमांकावरून कुणी शाळेच्या नावाने पैसे मागितले तर देऊ नयेत.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी दहा वाजता शाळेत बैठक आहे. टोळ्या निघण्याआधी पिशव्या तयार व्हायला हव्यात, त्यामुळे वेळ थोडा आहे. ज्या आई-वडिलांची मुलं यंदा कोपीवर जाणार आहेत त्यांनी मुलांना घेऊन जरूर यावं, म्हणजे कुणाला कुठून सुरुवात करायची ते त्याच दिवशी बघता येईल.

आपले,
अध्यक्ष, सदस्य व मुख्याध्यापक
शाळा व्यवस्थापन समिती, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा