रफ कट बघितला, आणि त्या आईबद्दल जरा बोलायचंय

प्रिय बाळा,

तुझ्या पिक्चरच्या रफ कटची, म्हणजे त्या पहिल्या कच्च्या जोडणीची, लिंक परवाच आली होती पण काल रात्री निवांत बसलो, आणि दीड तासाचा पिक्चर संपायला आम्हाला पावणेतीन तास लागले कारण बाबा दर दहा मिनिटांनी पॉज करून खुनी कोण ते सांगत होते. चार वेळा सांगितलं, चारही वेळा वेगळा माणूस, आणि शेवटी खरा कळल्यावर म्हणे मला पहिल्यापासून संशय होताच.

फोनवर मी नुसतं "छान झालाय" म्हटलं, ते खोटं नव्हतं पण अर्धंच होतं. उरलेलं लिहिते.

तुझी ती जोडी मला फारच आवडली. तो उंच गे डिटेक्टिव्ह आणि ती चष्मेवाली लेस्बियन, चौकशीला जाताना नवरा-बायको बनून जातात आणि दार बंद झालं की दोघं एकमेकांना शिव्या घालतात. एक बाई एक पुरुष मिळून खून शोधायला लागले की आपण आपले वाट बघत बसतो आता ह्यांचं जमणार मग जमणार, इथे तो प्रश्नच नाही त्यामुळे डोकं सगळं खुनाकडे राहतं. आणि त्यांचं गे-लेस्बियन असणं हे शेवटी उघड होणारं रहस्य नाही हे तर फारच बरं केलंस. पहिल्या पाच मिनिटांत कळतं, संपला विषय, आता कामाला लागा.

मी वाढले ते जुने ब्लॅक अँड व्हाइट हेरपट बघत, त्यात हे उलटं असायचं. हॉलिवूडमध्ये 1934 पासून सेन्सॉरची आचारसंहिता कडक झाली ती 1968 पर्यंत टिकली, समलिंगी माणूस सरळ दाखवायचीच सोय नव्हती, मग दिग्दर्शक खुणा पेरायचे. 1941 च्या 'द माल्टीज फाल्कन'मध्ये एक माणूस ऑफिसात येतो, त्याचं व्हिजिटिंग कार्ड आधी आत येतं आणि त्या कार्डाला गार्डेनियाचा वास. बस, तेवढ्यावर प्रेक्षकाने ओळखायचं की हा 'तसला' आहे आणि तसला आहे म्हणजे भरवशाचा नाही. वास हाच पुरावा! तुझ्या पिक्चरमध्ये वास काढत फिरणारे डिटेक्टिव्हच 'तसले' आहेत, हे मला जाम आवडलं, तू मुद्दाम केलंस का आपोआप झालं ते सांग.

आता ब्लॅकमेलचा भाग. तिथे मला जरा पोकळ वाटलं. 1961 चा 'व्हिक्टिम' बघ एकदा, इंग्लंडमधला आहे, नायक बॅरिस्टर आणि गे, आणि ब्लॅकमेल करणारी टोळी त्याच्यासारख्यांना पिळते. तिथे ब्लॅकमेल चालतं कारण पोलिसात गेलं तर आधी तक्रार करणाराच आत जाणार, कायदा तसा होता, 1967 मध्ये बदलला. तुझ्या पिक्चरमधला खून झालेला मुलगा मात्र आजचा, नोकरी आहे, मित्रांना सगळं माहीत आहे, मग तो पैसे का देत बसला? त्याला नक्की कोणाला कळायची भीती आहे ते एकदा तरी दिसायला हवं. माझ्या मते घरच्यांना. पण त्याच्या घरचं म्हणून तू फक्त ती आई दाखवलीस, तिच्याकडे येतेच.

त्याआधी एक तक्रार, ही बाबांचीपण आहे. मध्यंतरानंतर उंच डिटेक्टिव्ह ड्रॉवरमधून चिठ्ठी काढतो, वाचतो, चेहरा पडतो, खिशात टाकतो. आम्हाला दाखवतच नाही!! आणि शेवटी सगळा उलगडा त्या चिठ्ठीवर. अगं ही फसवणूक आहे. 1929 साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने, स्वतः डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहायचा तो, दहा नियम लिहून ठेवलेत, त्यात हे स्वच्छ आहे की हेराच्या हाती जो धागा लागेल तो लगेच वाचकालाही दाखवायचा. बाकीचे नियम मोड हवे तर, हा नको.

बजेटचं मी काही बोलणार नाही. त्या दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने 'फॉलोइंग' अशीच केली होती ना, 1998 ची, सगळे नोकरी करणारे म्हणून वर्षभर फक्त शनिवारी शूटिंग, आणि रीळ महाग म्हणून आधी तालमी करकरून एकदोन टेकमध्ये ओके. तुम्ही शनिवार-रविवार दोन्ही घेतलेत म्हणजे श्रीमंतच म्हणायचे. अंधार स्वस्त असतो आणि रहस्यपटाला चालतो पण आवाज नाही गं चालत. किचनमधल्या सीनला फ्रिजची घरघर आहे, तो बोलतो तेव्हा आहे, ती बोलते तेव्हा गायब, परत तो बोलला की चालू. बाबा उठून आपला फ्रिज बघून आले. तूच मागे सांगितलं होतंस, शूटिंगला फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची म्हणजे निघताना परत चालू करायची आठवण राहते. मग?

आता ती आई.

मुलगा गेलाय, डिटेक्टिव्ह तिच्यासमोर बसलेत, आणि ती म्हणते "मला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो रूममेट आहे एवढंच ठाऊक." आणि रडते. आणि तुझे दोन हुशार डिटेक्टिव्ह ते मान्य करून निघून जातात. मला तिथे पॉज करावंसं वाटलं.

तुझ्या त्या पहिल्या भाड्याच्या घरी मी चार दिवस आले होते, आठवतं? तू ऑफिसला गेल्यावर चादरी बदलायला घेतल्या. दोन खोल्या, दोन पलंग. एका पलंगावर खोकी, इस्त्रीचे कपडे, बॅडमिंटनची रॅकेट, गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. दुसऱ्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक फोनचा चार्जर, आणि एका बाजूला तुझ्या रूममेटचा चष्मा. मी चादर बदलली, चष्मा होता तिथेच ठेवला, घरी येऊन बाबांना म्हटलं तिथे पंखा फार आवाज करतो. तू सांगितलंस त्यानंतर तीन वर्षांनी आणि मी "अगं बाई!" म्हटलं ना, ती अॅक्टिंग होती. तुझ्या त्या नटीपेक्षा बरी होती. तू स्वतःहून सांगशील म्हणून गप्प होते असं मी स्वतःला सांगायचे, पण खरं म्हणजे मला विचारायची भीती वाटत होती, आणि ती तीन वर्षं तू एकटीने काढलीस हे मला नंतर कळलं.

तर तुझी ती आई रडू दे, पण तिला माहीत असू दे. तिने काही बोलायची गरज नाही. तिला नुसतं म्हणू दे की खुनानंतर मी त्याच्या घरी गेले तेव्हा पलंगाच्या एकाच बाजूला चार्जर होता. चष्मेवालीने मान वर करून बघावं. म्हणजे दुसरा चार्जर आईला आधीपासून माहीत होता, आणि पोलीस यायच्या आधी कोणीतरी आपल्या वस्तू उचलून नेल्या, हे एका वाक्यात आलं, आमच्यासमोर आलं, आणि ती चिठ्ठी तुला लागतच नाही, काढून टाक.

परत शूट करायचं झालं तर मला आधी पाठव लिहून, मी वाचते. आणि फ्रिज बंद करा.

तुझी
आई