श्वास देणारा: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. ‘देवाने जग निर्माण केलं हे मान्य, पण माझ्या आजच्या दिवसाशी त्याचा काय संबंध?’ असं तू विचारलंस. आई गेल्यापासून हा प्रश्न तुला छळतो आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून घाईने काहीतरी लिहून पाठवायला मन धजेना.

तू कळवलेलं वचन बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 42व्या अध्यायातलं पाचवं. आकाश निर्माण करून ते ताणणारा, पृथ्वी पसरणारा, तिच्यावरच्या लोकांना श्वास आणि तिच्यावर चालणाऱ्यांना प्राण देणारा परमेश्वर. मीही वर्षानुवर्षं ते प्रस्तावनेसारखं वाचून पुढे जात असे. या वेळी मूळ हिब्रू शब्द एकेक करून पाहिले आणि तिथेच अडकलो. त्यात ‘केलं’, ‘दिलं’ असं कुठेच नाही. निर्माण करणारा, ताणणारा, देणारा, अशीच रूपं आहेत. आपण कुणाला पोशिंदा म्हणतो, तेव्हा तो एकदा पोसून निघून गेला असं आपल्या मनातही येत नाही. तसंच हे.

पृथ्वी ‘पसरणारा’ हा शब्द तर कारागिराचा आहे. बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या 39व्या अध्यायात याजकाच्या एफोदासाठी, म्हणजे त्याच्या पवित्र अंगवस्त्रासाठी, सोनं ठोकून त्याचे पातळ पत्रे केले, तिथे हेच क्रियापद येतं. दुरून आज्ञा सोडणारा राजा मला त्यात दिसत नाही, कामात गुंतलेला हात दिसतो. आणि श्वासासाठी जो ‘नेशामा’ शब्द आहे, तोच उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत फुंकला जातो. तिथे तो एकट्या आदामाला मिळाला, इथे चालत्याबोलत्या प्रत्येकाला मिळतो आहे.

हे शब्द बाबेलातल्या, म्हणजे बॅबिलोनमधल्या, यहुदी बंदिवानांसाठी होते, असं बरेच अभ्यासक मानतात. इ.स.पू. 586च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळलं. बाबेलच्या कथेत माणूस घडतो तो मारलेल्या देवाच्या रक्तातून, देवांचे कष्ट उपसण्यासाठी. परक्या देशात राबणाऱ्याने ही कथा ऐकली, तर त्याला काय वाटत असेल? त्याच माणसाला इथे सांगितलं जातं की तुझा श्वास ही कुणी तुझ्यावर केलेली सक्ती नाही, ती देणगी आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पाचव्या वचनात वाक्य संपतच नाही. हा सगळा परिचय दिल्यावर परमेश्वर काय म्हणतो? ‘मी तुझा हात धरीन.’ हे त्याच्या सेवकाला उद्देशून आहे, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने हा सेवक येशूमध्ये ओळखला. याच अध्यायातला, चेपलेला बोरू न मोडणारा आणि मिणमिणती वात न विझवणारा तो हाच. आकाश ताणणाऱ्याने स्वतःची एवढी ओळख करून दिली, ती कुणाचा तरी हात धरण्याआधी. तुझ्या प्रश्नाला माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे.

माझ्या बाबांची शेवटची रात्र तुला आठवते. मी उशाशी बसून त्यांचे श्वास मोजत होतो. आपण दिवसाला 20,000च्या आसपास श्वास घेतो आणि एकाचीही दखल घेत नाही. त्या रात्री मात्र प्रत्येक श्वास आला की वाटायचं, हा दिला गेला. पहाटे पुढचा आला नाही. 104व्या स्तोत्रात दोन्ही गोष्टी लागोपाठ आहेत: तू त्यांचा श्वास काढून घेतोस आणि ते मातीला मिळतात, तू आपला आत्मा पाठवतोस आणि ते उत्पन्न होतात. ही दुसरी ओळ मी अजून धरून आहे. तुझ्या आईचा श्वास त्याच दिवशी का थांबला, हे मात्र मला यशयाच्या वचनात सापडलं नाही, आणि सापडल्याचं मी तुला खोटं सांगणार नाही.

पुढच्या महिन्यात येतो आहे. सातव्या वचनात बंदिशाळेच्या अंधारात बसलेल्यांना बाहेर काढण्याबद्दल लिहिलं आहे, ते दोघं मिळून वाचू. तोवर आईच्या बायबलमध्ये या पानावर तिने कुठे रेघ ओढली आहे का, तेवढं बघून ठेव.

तुझाच,
मित्र