पोस्टरला दुय्यम समजू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात झूलॉजी शिकवते, कीटकशास्त्राच्या कॉन्फरन्सला मुलांचे ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा थोडक्यात गोषवारा, पाठवायला मदत करते. आपल्याकडे व्यासपीठावर पेपर वाचला की खरं काम आणि पोस्टर, म्हणजे काम मोठ्या कागदावर मांडून शेजारी उभं राहणं, ही उरलेल्यांची सोय असा समज आहे, मुलांचाच नाही शिक्षकांचापण, आणि मग रजिस्ट्रेशन फी नि प्रवासखर्च द्यायची वेळ आली की पोस्टरवाल्यांना स्वतःच्या खिशातून भरा म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. पेपरला दहा-बारा मिनिटं मिळतात, प्रश्न विचारेपर्यंत पुढचा माणूस माइकपाशी आलेला असतो. पोस्टरपाशी मात्र जाणकार माणसं थांबतात, फोटोत पंखाच्या शिरा नीट दिसत नाहीत, यावरून जात ठरवता येणार नाही असं तोंडावर सांगतात, आणि काय बघायला हवं होतं तेही सांगतात. मुलं खरी शिकतात ती तिथे.

आणि विषयांना तोटा आहे का हो? ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात पावसात चतुर, टाचण्या (चतुरासारखेच पण बारीक कीटक), फुलपाखरं किती दिसतात! नीलवंत तर २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, त्याची अळी लिंबाच्या पानांवर वाढते, म्हणजे सोसायटीतल्या झाडावरही बघता येईल. मुलांकडे फोटो ढीगभर असतात पण तारीख, जागा, झाड कुठलं, किती दिसले, हे लिहिलेलं नसतं, आणि त्याशिवाय फोटो कितीही सुंदर असला तरी ती नोंद होत नाही. मुंबईत १८८३ मध्ये बीएनएचएस ही निसर्ग अभ्यासाची संस्था सुरू केली तीसुद्धा हौशी मंडळींनीच, तेव्हा पीएचडी नाही म्हणून कुणी मागे राहू नये.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, कीटक पकडायचे तर वनखात्याची परवानगी आधी काढा, नुसतं निरीक्षण असेल तर तसं स्पष्ट लिहा. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये "निष्कर्ष सादर करताना सांगू" हे वाक्य तर टाकूच नका, अडीचशे शब्दांत काय सापडलं तेच वाचायचं असतं. नवी जात सापडली असं वाटलं तरी तिचं नाव ॲब्स्ट्रॅक्टमध्ये जाहीर करायची घाई नको, नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कॉन्फरन्सला येणाऱ्यांना वाटून दिलेलं ॲब्स्ट्रॅक्ट हे प्रकाशन धरतच नाहीत. पोस्टर बहुतेक ठिकाणी ए-झिरो साइझचं, ८४ बाय ११९ सेंटिमीटर, आणि त्यावर लोक अख्खा पेपर बारीक अक्षरात चिकटवतात, चार पावलांवरून वाचता येत नसेल तर कोण थांबणार?

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांनी पोस्टरची फी आणि छपाई पेपरसारखीच द्यावी, आणि आपल्या वर्तमानपत्रात शैक्षणिक बातम्यांच्या पानावर अशा कॉन्फरन्सच्या ॲब्स्ट्रॅक्टची शेवटची तारीख महिनाभर आधी छापून यावी. बऱ्याचदा मुलांना कळतं तेव्हा मुदत संपलेली असते.

आपली,
एक प्राणीशास्त्र शिक्षिका, ठाणे