सहा वारांची वाट

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या पायऱ्या तू मला पाठीवर घेऊन चढायचास, तेव्हा मी गप्प होत असे. तुझ्या मायेबद्दल मला कधीच शंका नव्हती. पण कुठे जायचे आणि केव्हा निघायचे हे दुसऱ्याच्या पाठीवर अवलंबून राहिले की माणूस हळूहळू जाणेच सोडून देतो, हे मला तेव्हा सांगता आले नाही. यंदा ते चित्रातून सांगितले.

इथल्या एका सभागृहात प्रदर्शन ठरले आणि माझ्याकडे चित्र मागितले गेले. त्या सभागृहाला ६ इंचांच्या ३ पायऱ्या आहेत, म्हणजे चित्र आत जाणार आणि मी बाहेर राहणार. व्हीलचेअरच्या रॅम्पला १:१२ हे प्रमाण धरतात, म्हणजे १ इंच चढायला १२ इंच लांबी. त्या हिशोबाने १८ इंच चढायला १८ फूट लांबी हवी. तांदूळ निवडत बसलेली आई म्हणाली, "१८ फूट म्हणजे सहा वार. एक साडीच की रे." तिने ट्रंकेतली जुनी सहावारी शहापुरी साडी काढून दिली.

खानापूरची तांबडी माती कालवून मी चाकांना लावली आणि अंगणात अंथरलेल्या साडीवरून खुर्ची चालवली. मोठ्या चाकांचे ठसे जोडीने सरळ गेले, पुढच्या लहान चाकांनी वळताना चंद्रकोरी काढल्या, आणि जिथे दम घ्यायला थांबलो तिथे माती दाट बसली. एका जागी काठ चाकात अडकून उसवला. तो मी तसाच ठेवला.

ब्रिटनच्या सू ऑस्टिन या व्हीलचेअर वापरणाऱ्या कलाकाराचे काम मला या वेळी फार जवळचे वाटले. चाकांना रंग लावून तिनेही रेघा ओढल्या होत्या, आणि २०१२ साली तर ती व्हीलचेअरसकट पाण्याखाली तरंगली. ती खुर्ची पाहून हळहळावेसे वाटत नाही, तिच्यात आपणही बसावेसे वाटते. माझ्या खुर्चीकडे लोकांनी असे पाहावे, ही माझी जुनी इच्छा आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी साडीचे एक टोक उंबऱ्याशी बांधले, दुसरे १८ फुटांवर जमिनीशी, आणि मी त्या खालच्या टोकाशी बसलो. न बांधलेला उतार सगळ्यांना दिसला. गुडघ्यांमुळे तिथल्या कीर्तनाला येणे सोडलेल्या एक आजी साडीला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

आता तिथल्या मंडळींनी रॅम्पचा आराखडा मागितला आहे. सरळ काढला तर तो गटारावर जातो, म्हणून भिंतीलगत घ्यावा लागेल, आणि वर खुर्ची वळवायला ५ फूट सपाट जागा ठेवावी लागेल. बांधकाम तुझा विषय आहे, तेव्हा आराखडा तूच काढ. दाराच्या डावीकडची भिंत मी साडीनेच मोजली: एक साडी आणि वर चार हात.

तुझा,
शहापूरचा मित्र