आरोग्य विम्याचा खर्च वेगळा दाखवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तेव्हा पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. पुढे योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले आणि २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण देण्याचे ठरले. निर्णय चांगला आहे. परंतु त्याचा राज्याच्या तिजोरीवर काय परिणाम होतो हे लोकांना समजेल अशा रीतीने मांडले जात नाही, ही माझी तक्रार आहे. सरकारी लेखा विभागात आयुष्य गेल्याने ही उणीव मला अधिक जाणवते.

अशी योजना विमा किंवा हमी अशा दोन पद्धतींनी चालवता येते. विमा पद्धतीत शासन दर कुटुंबामागे हप्ता भरते, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. हमी पद्धतीत शासन प्रत्यक्ष दाव्यांचे पैसे देते. दावे कमी आले तर बचत होते, वाढले तर सारा भार तिजोरीवर पडतो. २०२० पासूनच्या रचनेत दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनीकडे आणि त्यापुढचा शासनाची योजना राबवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे, अशी विभागणी होती. म्हणजे मर्यादा पाच लाखांवर नेताना महागड्या उपचारांची जोखीम राज्याने स्वतःच्या अंगावर घेतली. केंद्राचा ६० टक्के वाटा मिळतो तो आयुष्मान भारत योजनेतील पात्र कुटुंबांपुरताच. बाकीच्यांचा खर्च राज्यालाच करावा लागतो.

आता आमच्या सोलापूर शहराच्या पूर्व भागाकडे पाहा. माझी आई विड्या वळायची. तिला दम्याचा त्रास होता, पण रुग्णालयात दाखल होण्याची वेळ क्वचितच आली. दरमहा डॉक्टरांची फी आणि औषधे मात्र मजुरीतूनच जात. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांत आजही दमा, मधुमेह, रक्तदाब यांचा खर्च असाच होतो आणि दाखल झाल्यावर लागू होणारी योजना तिथपर्यंत पोहोचत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी खिशातून केला. तो कमी करायचा तर बाह्यरुग्ण विभागात औषधे मिळाली पाहिजेत, आणि ती विम्याच्या नव्हे, सरकारी दवाखान्यांच्या तरतुदीतून येतात.

म्हणून माझी भीती अशी, की दाव्यांची रक्कम वाढत गेली तर कात्री औषध खरेदीला आणि रिक्त पदांच्या भरतीला लागेल. आमच्या सर्वोपचार रुग्णालयात धाराशिव आणि कर्नाटकाच्या सीमाभागातूनही रुग्ण येतात. योजनेतून त्याला मिळणारी रक्कम त्याच्या नेहमीच्या अनुदानातून वजा होता कामा नये.

राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले होते. ही टक्केवारी शासनाने विम्याचा खर्च धरून आणि वगळून, अशी दोन्ही प्रकारे जाहीर करावी. त्यासोबत हप्ता किती, दावे किती आणि त्यांतील सरकारी व खासगी रुग्णालयांचा वाटा किती, हे जिल्हावार छापावे. येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात जिल्ह्यातील सर्वपक्षीय आमदारांनी हा तपशील सभागृहात मागावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त लेखा कर्मचारी, सोलापूर