आधी नोंद, मग गोष्ट

नाशिक,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर डोरिस कर्न्स गुडविन यांचा विषय निघाला, तेव्हा "टीव्हीवर बसून अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या गोष्टी सांगणारी बाई, ती इतिहासकार कसली?" असे तू म्हणालास आणि वर २००२ सालचे वाङ्मयचौर्याचे प्रकरण पुढे केलेस. मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही, आणि ती रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

त्यांचा जन्म १९४३चा, ब्रुकलिनमधला. घरात डॉजर्स या बेसबॉल संघाचे वेड. सहा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांच्या हाती एक लालभडक स्कोअरबुक दिले आणि खेळातली प्रत्येक हालचाल खुणांनी कशी टिपायची ते शिकवले. दुपारी रेडिओवर सामना ऐकून वही भरायची आणि संध्याकाळी वडील कामावरून आले की ती वही समोर ठेवून पहिल्या डावापासून सगळा सामना त्यांना सांगायचा, असा नेम होता. सुरुवातीला ही मुलगी उत्साहाच्या भरात "डॉजर्स जिंकले!" असे आधीच सांगून टाकी, मग शेवट राखून ठेवायला ती शिकली. सामन्याचा वृत्तांत दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येतो, हे वडिलांनी तिला कळू दिले नाही, त्यामुळे आपण सांगितले नाही तर बाबांना सामना कधी समजणारच नाही, अशी तिची खात्री होती. हा प्रसंग त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितला आहे. पण तो ऐकताना लोकांचे लक्ष सांगण्याच्या कौशल्याकडे जाते, आणि त्याआधी दुपारभर भरलेली वही नजरेतून सुटते.

पुढे हार्वर्डमध्ये डॉक्टरेट करत असताना, १९६७ साली, त्यांची व्हाइट हाउसच्या फेलोशिपसाठी निवड झाली. निवडीच्या समारंभात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन त्यांच्याबरोबर नाचले, आणि थोड्याच दिवसांत व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातला त्यांचा सहलिखित लेख प्रसिद्ध झाला: जॉन्सन यांना १९६८ साली सत्तेवरून कसे दूर करता येईल, हाच त्याचा विषय! तरीही जॉन्सन यांनी त्यांना काढले नाही. पद सोडल्यावर आत्मचरित्राच्या कामासाठी त्यांना टेक्सासमधल्या आपल्या रँचवर बोलावले, आणि खचलेला, झोप उडालेला तो माणूस पहाटे पहाटे या तरुण मुलीपाशी मन मोकळे करत राहिला. १९७६ साली आलेले त्यांचे पहिले पुस्तक त्या ऐकण्यातून उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष हा आधी माणूस असतो, हे त्यांना कागदपत्रांच्या आधी कानांनी कळले, असे मला वाटते.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि त्यांची पत्नी एलिनॉर यांच्यावर लिहीत असताना एकदा रेडिओवर त्या बोलून गेल्या की, महायुद्धाच्या काळात व्हाइट हाउसच्या दुसऱ्या मजल्यावर कोण कोणत्या खोलीत झोपत असे, याचा विचार मला सारखा छळतो. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये राहणाऱ्या राष्ट्राध्यक्षपत्नी हिलरी क्लिंटन यांनी ते ऐकले आणि त्यांना पतीसह मुक्कामालाच बोलावले. मेजवानी आटोपल्यावर मध्यरात्रीपासून दोन वाजेपर्यंत ही मंडळी खोलीमागून खोली हिंडली, आणि इथे रूझवेल्टचे सल्लागार हॉपकिन्स, इथे एलिनॉर, इथे चर्चिल, असा माग लावत गेली. सुहास, ज्याला रूझवेल्टच्या घरातल्या खोल्यांचे कोडे झोपू देत नाही, त्याला तू इतिहासकार म्हणणार नाहीस का? त्या पुस्तकाला १९९५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आता २००२. केनेडी घराण्यावरच्या त्यांच्या १९८७ सालच्या ग्रंथात दुसऱ्या लेखिकेची वाक्ये अवतरणचिन्हांशिवाय आली होती, प्रकाशकाने ते प्रकरण पूर्वीच आर्थिक तडजोड करून मिटवले होते, आणि पंधरा वर्षांनी ते उघड झाले. हाताने घेतलेल्या टिपणांत मूळ उतारे आणि स्वतःची वाक्ये यांची सरमिसळ झाली, असे त्यांनी सांगितले. पीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या बातमीपत्रातले त्यांचे भाष्य थांबले, पुलित्झरच्या मंडळावरून त्या पायउतार झाल्या. मी याचे समर्थन करणार नाही. ज्या बाईची सारी पुण्याई वहीवर उभी, तिची वहीच गढूळ झाली, म्हणून मला हा दोष इतरांच्या दोषापेक्षा मोठा वाटतो. परंतु त्यांना केवळ त्या चुकीसाठी ओळखले जावे, हे मला मान्य नाही.

कारण त्या वेळी त्यांचे लिंकनवरचे काम सुरू होते, आणि एकूण दहा वर्षे ते चालले. लिंकन आणि त्यांची पत्नी यांच्यावर लिहायचे म्हणून सुरुवात झाली होती, पण कागद वेगळेच बोलू लागले. सुअर्ड, चेस, बेट्स या १८६०च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीतल्या प्रतिस्पर्ध्यांनाच लिंकनने मंत्रिमंडळात घेतले होते, आणि त्यांची पत्रे, रोजनिशा वाचताना लिंकन गुडविनबाईंना त्या माणसांच्या डोळ्यांनी दिसू लागले. मग मूळ बेत सोडून त्यांनी 'टीम ऑफ रायव्हल्स' लिहिले. ते २००५ साली आले. अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर जनरल मीडने शत्रूला निसटू दिले म्हणून लिंकनने त्याला संतापाने एक पत्र लिहिले आणि ते न पाठवता, तशी नोंद पाकिटावर करून, ठेवून दिले. गुडविनबाई टीव्हीवर बोलताना हा प्रसंग सांगतात तेव्हा तुला ती नुसती सुरस गोष्ट वाटते. मला ते पाकीट दिसते.

त्यांचे पती रिचर्ड गुडविन यांनीच जॉन्सन यांचे १५ मार्च १९६५चे कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काचे भाषण लिहिले होते. उतारवयात या दोघांनी रिचर्ड यांच्या कागदांची सुमारे तीनशे खोकी एकेक करून उघडायला घेतली. २०१८ साली ते गेले. बाईंनी काम सोडले नाही, आणि २०२४ साली त्या खोक्यांतून पुस्तक आले. त्याची एक प्रत तुझ्यासाठी घेऊन ठेवली आहे.

तुझ्या बाबांच्या वार्ताहरकीच्या डायऱ्या अजून माळ्यावरच्या ट्रंकेतच आहेत ना? दिवाळीत मी चार दिवस तुझ्याकडे येतो आहे. येताना कोऱ्या वह्या आणीन, आणि त्यांचे शब्द एका वहीत, आपले दुसरीत, असे ठेवू. पावसाने ट्रंक भिजली नाही ना, तेवढे आजच पाहा आणि कळव.

तुझा,
माधव